वाकड्या करंगळीचा हात

कचऱ्यात सापडलेला तो हात मोरेश्वर टिपणीसने टाकला नव्हता. मी टाकला होता.

एवढं लिहायला मला बारा वर्षं लागली. आता लिहिलंच आहे, तर कुठला हात हे सांगायला हवं, आणि त्याच्याआधी टिपणीसबद्दल.

गेल्या महिन्यात इथल्या, जपानमधल्या एदोगावा वॉर्डातल्या, मराठी मंडळाच्या एका मुलीचा फोन आला. दिवाळीच्या कार्यक्रमात टिपणीसने काढलेला झॉम्बींचा सिनेमा दाखवायचं ठरलं होतं. त्याच्या मुलीला, सानिकाला, तो जुन्या हार्ड डिस्कवर सापडला. सानिका आता योकोहामात नोकरी करते. टिपणीस स्वतः गेल्या वर्षी सांगलीत हृदयविकाराने गेला. कार्यक्रमाच्या पुस्तिकेत त्याच्यावर काही छापायचं होतं आणि त्याला जवळून ओळखणारा म्हणून इथे मीच उरलो होतो. नमुन्यादाखल त्या मुलीने सानिकाचा मजकूर मला पाठवला. चारच ओळी होत्या. शेवटची ओळ अशी : ‘बाबा प्रेमळ होते, पण निष्काळजी होते, आणि त्या निष्काळजीपणामुळे आम्हाला जपान सोडावं लागलं.’

मी फोन टेबलावर पालथा ठेवला, उठलो आणि दाराची कडी लागली आहे ना ते बघून आलो. कडी लागलेलीच होती. बारा वर्षं मी हेच करतो.

टिपणीस आमच्या संस्थेत आला तेव्हा चाळिशीचा होता. पेशी कशा मरतात हा त्याचा विषय. नोकरी वर्षाच्या कराराची, दर मार्चमध्ये नवी व्हायची. मी त्याच संस्थेत तेव्हा तीस वर्षं काढून कायम झालेला, साठी ओलांडलेला. संस्थेने परदेशी संशोधकांसाठी आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काही घरं भाड्याने घेतली होती, त्यांतल्या एकात तो, त्याची बायको अनघा आणि सानिका राहायला आले. मी पाचव्या मजल्यावर, स्वतःच्या घरात. इमारतीच्या रहिवासी समितीवर मी एकटाच परदेशी होतो, आणि त्या गोष्टीचा मला अभिमान होता. कचरा कसा वेगळा करायचा याचा इंग्रजी तक्ता मी केला होता. जाळायचा कुठल्या दिवशी, न जाळायचा कुठल्या, बाटल्या कुठे, कागद कसा बांधायचा. ‘केरुकारु-सानचा तक्ता’ म्हणून तो खाली कचऱ्याच्या जागेजवळ लॅमिनेट करून लावलेला होता. केळकर हे नाव जपानी तोंडात तसं होतं.

नवीन माणूस आला की त्याला तक्ता समजावून सांगणं हे माझं काम. टिपणीसला मी अर्धा तास सांगितलं. त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं, दोन शंका विचारल्या, त्या दोन्ही बरोबर जागी होत्या. मग वही मिटून त्याने माझ्या बैठकीच्या खोलीकडे, खिडकीकडे, दाराकडे नजर फिरवली.

“काका, इथे एकच दार आहे?”

मी हो म्हटलं.

“मग तुम्ही संपलात,” तो म्हणाला. “पाचवा मजला चांगला, ते जिने हळू चढतात. पण एकच दार म्हणजे संपलातच.”

ते म्हणजे कोण, हे मला दोन आठवड्यांनी कळलं.

कुठल्याही जागी शिरला की तो आधी दारं मोजायचा. कोनबिनी, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं कोपऱ्यावरचं दुकान, वाईट, पुढची सगळी भिंत काचेची. वॉर्ड ऑफिस उत्तम, लोखंडी शटर आणि तळघर. आमच्या संस्थेची प्रयोगशाळा मध्यम. ऑफिसच्या बैठकीतही त्याची नजर अशी फिरत असायची, आणि जपानी सहकाऱ्यांना वाटायचं की हा माणूस फार लक्ष देऊन ऐकतोय. उंच, थोडा वाकलेला, बाराही महिने एकच तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर. आणि गंमत अशी की त्याला खरं रक्त बघवत नसे. संस्थेच्या वार्षिक तपासणीत रक्त घेताना त्याला दर वर्षी आडवं करावं लागे. एकदा नर्सने मला बोलावून घेतलं. हा पलंगावर डोळे मिटून पडलेला आणि वीस अमिनो आम्लांची नावं ओळीने म्हणतोय. शेवटचं नाव म्हणून झाल्यावरच उठला.

शनिवारी दुपारी त्याच्याकडे झॉम्बीपट असायचा. जुन्या डीव्हीडीच्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त टोपलीतून तो वेचून आणायचा. कुठल्या कुठल्या देशांचे, कुठल्या कुठल्या भाषांतले, मागचं चित्र उन्हाने उडालेलं. अनघा साबुदाण्याची खिचडी करायची आणि स्वतः बाहेर निघून जायची. सानिका तेव्हा बारा-तेरा वर्षांची. वडिलांनी मराठीत बोलावलं की आतल्या खोलीतून जपानीत ‘नको’ म्हणायची. उरायचे आम्ही दोघं. पहिल्यांदा मी शिष्टाचार म्हणून बसलो. नंतर शनिवारची वाट बघू लागलो, पण हे मी संस्थेत कुणाला सांगितलं नाही.

मोठ्या खर्चाचे सिनेमे त्याला चालत नसत. “त्यातले झॉम्बी कॉम्प्युटर काढतो, काका. लाखभर काढेल. पण त्यातला एकही कुणाचा मेव्हणा नसतो.” त्याला हवे असत ते मेव्हण्यांचे सिनेमे. ज्यांत गर्दी म्हणजे वीस माणसं, आणि तीच वीस माणसं कोट बदलून पुन्हा येतात. त्याच्याजवळ चौकटींची एक वही होती, प्रयोगशाळेत वापरतात तसली. प्रत्येक सिनेमात मागच्या रांगेतले झॉम्बी तो तिच्यात टिपून ठेवायचा. काही नोंदी मला पाठ आहेत. ‘पट्ट्यांचा स्वेटर : चार वेळा मेला. तिसऱ्यांदा घड्याळ काढायला विसरला.’ ‘पांढऱ्या बुटांची बाई : हसू आलंय, दाबलंय.’ ‘दवाखान्यातला जाडा : मेल्यावर चष्मा सारखा केला.’

मी हसलो तर त्याला वाईट वाटायचं. “हे लोक सकाळी घरून डबा घेऊन आलेत. यांचं नाव कुठे येणार नाही. ओळखीतल्या कुणीतरी या म्हटलं म्हणून आलेत आणि थंडीत चिखलात झोपलेत. तुम्ही झोपाल का?” आणि मग तो सिनेमा थांबवून त्या जाड्या माणसाकडे बराच वेळ बघत बसायचा. हळूहळू मलाही तो नाद लागला. पुढे कोण किंचाळतंय, कोण बंदूक शोधतंय याच्याकडे माझं लक्ष जाईना. मी मागची रांग बघू लागलो.

पण खरी भीती कशाची, हे त्याने एका शनिवारी सांगितलं. पडद्यावर एका शेतावरच्या घरात सात-आठ जण अडकले होते. बाहेरून एक मुलगी धावत येत होती, त्यांच्याच ओळखीची. आतल्या एका माणसाने दार लोटलं आणि कडी घातली. टिपणीसने चित्र तिथेच थांबवलं.

“ह्याला बघा. असा एक प्रत्येक सिनेमात असतो. कधीच गुंड नसतो. वयाने मोठा, नीट कपडे, बाकीच्यांना समजावून सांगणारा. सगळे त्याला मान देतात. मेलेल्यांना कोण घाबरतंय काका, ते तर गाजराच्या शिऱ्यात लोळल्यासारखे दिसतात. मी ह्याला घाबरतो.”

शेवटी त्याचं काय होतं, असं मी विचारलं.

“वाचतो बहुतेक. त्याला मारायचं दृश्य घ्यायला पैसे उरलेले नसतात.”

आम्ही दोघंही हसलो होतो.

मग त्याने स्वतःच सिनेमा काढायचं ठरवलं. मंडळातल्या लोकांना आधी वाटलं चेष्टा करतोय. पण रविवारी नदीकाठी पंधरा-वीस जण जमले. बँकेतले, आयटीतले, त्यांच्या बायका, एक बालवाडीची शिक्षिका. वॉर्ड ऑफिसची परवानगी त्याने महिनाभर आधी काढली होती, इमारतीतल्या प्रत्येक दारात चिठ्ठी टाकली होती, रक्त बिटाचं आणि साखरेच्या पाकाचं केलं होतं आणि ते कपड्यांवरून निघतं की नाही हे आधी स्वतःच्या शर्टावर धुऊन पाहिलं होतं. झॉम्बीसारखं चालायचं कसं, असं कुणीतरी विचारलं. टिपणीस म्हणाला, “संध्याकाळच्या गाडीतून उतरून घरी जाता तसे चाला. वेगळं काही करू नका.” लोक चालू लागले आणि एक क्षण कुणीच हसलं नाही.

मलाही त्याने घेतलं. मी अट घातली की तोंड पूर्ण रंगवायचं आणि नाव घालायचं नाही. संस्थेत माझी एक प्रतिमा होती. तो म्हणाला, मागच्या रांगेतल्यांची नावं तशीही येत नाहीत. पण त्याला माझा चेहरा नकोच होता, हात हवा होता. माझ्या उजव्या हाताची करंगळी शाळेत असताना क्रिकेटच्या चेंडूने मोडली आणि बाहेरच्या बाजूला वाकडी बसली. टिपणीसच्या कथेत मेलेल्यांची गर्दी इमारतीच्या काचेच्या दाराशी येते, त्यातला एक हात काचेवर टेकतो. पुढे आतला माणूस दार आपटून कडी लावतो, तेव्हा तोच हात फटीत सापडून तुटतो आणि आत पडतो.

“हात ओळखता आला पाहिजे,” तो म्हणाला. “काचेवर दिसला तोच पुढे पडलाय हे कळलं तर भीती. नाहीतर नुसता हात कुणाचाही असतो.”

दातांचे साचे घेतात तसल्या पावडरीत त्याने माझा हात बुडवला आणि त्यातून रबराचे दोन हात काढले. आत तार, मनगटात प्लास्टर. नखांच्या रेघासुद्धा उतरल्या होत्या. कडी लावणाऱ्या माणसाचं काम त्याने स्वतः केलं. त्यासाठी माझा टाय मागून नेला. चित्रीकरण संपल्यावर एक हात स्वतःकडे ठेवला आणि दुसरा बुटांच्या खोक्यातून मला आणून दिला.

तो हात आमच्या कपाटात सहा आठवडे होता. माझी बायको वसुधा आधी हसली, मग वैतागली. टॉवेल काढायला गेलं की तोच दिसतो म्हणाली. डिसेंबर संपत आला होता. जपानात वर्ष संपण्याआधी घर झाडून-पुसून काढतात, आम्हीही काढत असू. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात संस्थेतले दोन वरिष्ठ सहकारी सपत्नीक आमच्याकडे जेवायला यायचे होते. हात त्याच्याआधी घरातून जायला हवा होता.

आणि इथे, तक्ता लिहिणारा मी, अडकलो. रबर जाळायच्या कचऱ्यात जातं. प्लास्टर आणि तार जात नाही. न जाळायचा कचरा महिन्यातून दोनदाच नेतात आणि डिसेंबरचे दोन्ही दिवस होऊन गेले होते. समितीत विचारलं असतं तर हात कसला, कुणाचा, हे सांगावं लागलं असतं. दुपारी स्वयंपाकघरात पक्कड घेऊन मी तार उपसायला बसलो. पण माझ्याच नखांचा, माझ्याच करंगळीचा हात पक्कडीत धरून ओढायचा, ते जमेना. दोनदा प्रयत्न केला. मग वर्तमानपत्रात गुंडाळला, भाज्यांच्या सालींखाली घातला आणि वर्षातल्या जाळायच्या कचऱ्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी खाली ठेवून आलो. पिशव्या इथे पारदर्शक लागतात. कावळ्यांपासून राखायला पिशव्यांवर जाळी टाकतात, ती नीट पसरली की नाही ते मी पाहिलं नाही. घाईत होतो.

कावळ्यांनी पिशवी फाडली. त्या आठवड्यात जाळीची पाळी मोरिता-सानची होती. दुसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी, ऐंशीच्या घरातली बाई. फुटपाथवर हात पडलेला बघून ती मागच्या मागे कोसळली आणि तिचं मनगट मोडलं. मी वरून खिडकीतून पाहिलं. रुग्णवाहिका, पोलिसांच्या गाड्या, ओढलेली पिवळी पट्टी. एका पोलिसाने वाकून हाताला बोट लावलं, बोट आत गेलं, आणि त्याचे खांदे सैल झाले. तेवढ्यात खाली जाऊन सांगता आलं असतं. मी पडदा ओढला. वसुधा माझ्या मागे उभी होती. ती एवढंच म्हणाली, “सांगाल ना?”

मी म्हटलं, आधी काय होतंय ते बघू.

दुपारी चारला समितीच्या खोलीत बैठक बसली. अध्यक्ष ओकुबो-सान, बँकेतून निवृत्त झालेले, फार हळू बोलणारे गृहस्थ. सिनेमाची चिठ्ठी सगळ्यांच्या दारात पडली होती, त्यामुळे कुणाला बोलवायचं हा प्रश्नच नव्हता. टिपणीसचं जपानी दुकानापुरतं. परदेशी रहिवाशांचं काही असलं की दुभाषा मीच असायचो. तसा त्या दिवशीही दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसलो. हीटर चालू होता, तरी मी कोट काढला नाही. उजवा हात खिशात होता.

ओकुबो-साननी हाताचा छापलेला फोटो टेबलावर सरकवला आणि विचारलं. मी टिपणीसला मराठीत म्हटलं, “हा हात कचऱ्यात कुणी टाकला, असं विचारतायत.”

टिपणीसने फोटो उचलून जवळ धरला. करंगळीवर त्याची नजर थांबली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, खिशाकडे. खोलीला दोन दारं होती, त्यांच्याकडे त्याने त्या दिवशी पाहिलं नाही.

“सांगा काका,” तो म्हणाला. “मी टाकला. चुकून.”

मी सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे न करता सांगितलं. तो उठला आणि वाकला, फार खाली, आणि ओकुबो-सान पुरे म्हणाले तरी वाकलेलाच राहिला.

पुढचे तीन महिने मी एका गोष्टीवर काढले. साच्यातून हात दोन निघाले होते. एक त्याच्या घरी होता. त्याला वाटलं असेल की वर्षअखेरीच्या आवराआवरीत अनघाने त्यांचाच हात टाकला. म्हणून त्याने घेतलं अंगावर, बायकोसाठी. मला तो वाचवत नव्हताच. हे मी रोज, स्टेशनपर्यंत चालताना, स्वतःला समजावून सांगायचो. समजावून सांगण्यात मी पहिल्यापासून चांगला आहे.

मोरिता-सानची माफी मागायला तो मिठाईचा खोका घेऊन गेला आणि दुभाषा म्हणून मला नेलं. मनगटाला प्लास्टर घातलेल्या त्या बाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सिनेमा बघायला मिळेल का. त्याला इतका आनंद झाला की तो धावत जाऊन लॅपटॉप घेऊन आला. तिच्या बुटक्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. लोकांचं चालणं बघून ती तोंडावर हात ठेवून हसली. काचेवर हात टेकला, तेव्हा तिचं हसणं थांबलं. माझ्या समोर चहाचा पेला होता आणि त्याच्याभोवती माझी बोटं होती. तिने ती पाहिली. मग डाव्या हाताने किटली उचलून माझ्या पेल्यात चहा ओतला, माझ्या घरच्यांची चौकशी केली. चार वर्षांनी ती गेली तोवर आम्ही लिफ्टमध्ये शेकडो वेळा भेटलो असू. ती हवेबद्दल बोलायची. प्रत्येक वेळी दार उघडेपर्यंत मी उजवा हात खिशात ठेवायचो.

जानेवारीत विभागप्रमुखांनी मला बोलावलं. पोलिसांचं प्रकरण संस्थेपर्यंत आलं होतं. आमच्याकडे सुया, काचा, पेशींच्या बशा, कुठला कचरा कुठे जातो याला फार किंमत असते. त्यांनी सरळ विचारलं, टिपणीस-सान काळजीपूर्वक काम करणारा माणूस आहे का?

मला काय ठाऊक होतं ते लिहून ठेवतो. टिपणीसच्या टेबलाखालच्या डब्यांवर तीन भाषांत चिठ्ठ्या होत्या. फुटलेली काच तो दुहेरी पुठ्ठ्यात बांधायचा आणि वर कापलेल्या बोटाचं चित्र काढायचा, सफाईला येणाऱ्या बाईंना वाचता आलं नाही तरी कळावं म्हणून. इतका काळजी घेणारा माणूस मी चाळीस वर्षांत दुसरा पाहिला नाही. पण काळजीपूर्वक आहे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग हात कसा गेला? मी म्हणालो, “हुशार आहे, माणूस चांगला आहे. थोडा निष्काळजी आहे.”

प्रमुखांनी मान हलवली. मार्चमध्ये करार नवा झाला नाही. कारण दुसरंच दिलं गेलं, प्रकल्प संपला वगैरे.

सानिकाच्या ओळीतला तो शब्द माझा आहे. माझ्या तोंडून निघाला, संस्थेत फिरला, मंडळात आला आणि शेवटी तिच्यापर्यंत पोचला.

ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. हव्या त्या हायस्कुलात तिला जागा मिळाली होती, एप्रिलपासून शाळा सुरू व्हायची होती. बाप-लेक आणि मी एकदा लिफ्टमध्ये होतो. ती वडिलांकडे न बघता जपानीत बोलली, हळू आणि भरभर. सगळं तुमच्यामुळे झालं, आयुष्यात विसरणार नाही, असं. टिपणीसने माझ्याकडे वळून विचारलं, “काय म्हणाली काका? हल्ली फार भरभर बोलते.”

मी म्हटलं, “मैत्रिणींची आठवण येईल म्हणते.”

तो हसला. “तुम्ही भाषांतर छान करता,” म्हणाला. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि ते उतरले.

वसुधाने पुन्हा मला कधी विचारलं नाही. पण त्या जानेवारीपासून कचरा तिने मला नेऊ दिला नाही. पावसात, थंडीत, गुडघे दुखत असताना, स्वतः खाली नेऊन ठेवायची, जाळीच्या चारही कडा दाबायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता मी नेतो, आणि पिशवी ठेवल्यावर तिथेच उभा राहतो, गाडी येईपर्यंत.

हा मजकूर मी मंडळाला देण्याआधी सानिकाला पाठवला. तिने वाचल्याची खूण दिसते. चार दिवस झाले, उत्तर नाही. काल बेल वाजली तेव्हा मी दाराच्या आत उभा राहिलो, छिद्रातून बाहेर पाहिलं. कुरियरवाला होता. ती आली तर मी दार उघडणार आहे. तेवढं मी ठरवलं आहे.

ते गेले तो मार्चचा शेवटचा रविवार होता. विमानतळाची बस स्टेशनसमोरून सुटते. अनघा सामानाच्या चिठ्ठ्या तपासत होती, सानिका कानात इयरफोन घालून रस्त्याकडे पाठ करून उभी. टिपणीस त्याच स्वेटरात. बसभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, दोन दारं आहेत आणि मागची काच फोडता येते, बरी आहे. सांगायचं असं ठरवूनच मी घरून निघालो होतो. इथे, आता, बस सुटण्याआधी.

“टिपणीस,” मी म्हटलं, “तो हात...”

“माझा ना? सामानात आहे,” तो म्हणाला. “सानिकाच्या स्वेटरमध्ये गुंडाळलाय. मुंबईला कस्टमवाले बॅग उघडतील तेव्हा मजा येईल.”

एवढं बोलून त्याने वाकून मला नमस्कार केला, मोठ्यांना करतात तसा, आणि बसमध्ये चढला.

तो खिडकीशी बसला. चालकाने दार लावलं. बस हलली तेव्हा टिपणीसने उजवा हात उचलला आणि पंजा काचेवर टेकवला, पाची बोटं पसरून, सिनेमात मी टेकवला होता तसा. मला वाटलं निरोप देतोय. मग त्याने डावा हात वर नेला, उजवी करंगळी धरली आणि अलगद बाहेरच्या बाजूला वाकवली. ती तशीच धरून तो माझ्याकडे बघत राहिला, रागाने नाही, मागच्या रांगेतल्या त्या जाड्या माणसाकडे बघायचा तसा, बस वळेपर्यंत. मी हात हलवला. डावा. उजवा कोटाच्या खिशात होता.